भिजवलेला बॉल

सर,

तुमच्या त्या टांगलेल्या बॉलखाली उभे राहिलेले आम्ही सगळे आता पन्नाशी ओलांडलेली माणसं आहोत. कोणी बोदवडला मुख्याध्यापक आहे, कोणी धुळ्याच्या सरकारी कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसतो, कोणी केळीचे घड ट्रकमध्ये भरून उत्तरेला पाठवतो. भेटलो की एकमेकांच्या कपाळाकडे बघून हसतो. पण आम्हा सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती आम्ही एकमेकांजवळही कधी बोललो नाही. आमचं डोकं दुखत होतं आणि ते कोणी ऐकून घेतलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. मी आयुष्यभर मोठ्या आवाजात बोललो. पाण्यासाठी बोललो, मैदानासाठी बोललो, मुलींच्या शाळेसाठी कलेक्टर कचेरीच्या दारात भर उन्हात उभा राहून बोललो. ही एक तक्रार मात्र घशाच्या वर आली नाही. आज लिहितो आहे, कारण मला भीती वाटते आहे. सामन्याआधी वाटायची ती भीती नव्हे. ती तुम्ही पाठीवर थाप मारून घालवायचात. ही वेगळी आहे. ही सकाळी दात घासतानाही असते.

मागच्या महिन्यात धुळ्याला तुमच्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. भाषण अर्थातच माझं होतं. मी म्हणालो, सरांचा पुतळा नको, कमान नको, चौकाला नावही नको. ज्या माणसाने खेड्यातल्या पोरांना एकाच वेळी खेळायला आणि बोलायला शिकवलं, त्याच्या नावाने जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या आपल्या प्रत्येक शाळेत एक बॉल टांगा. सभागृह उभं राहिलं. माझ्या गावच्या, असोद्याच्या मुलींचा संघ मी सोबत नेला होता, प्रात्यक्षिक दाखवायला. परत येताना जीपमध्ये त्यांची कप्तान, तेरा वर्षांची, पुढच्या सीटवर वाकून म्हणाली, "भाऊ, तुमी ते दोनदा काहून बोलले?"

"काय दोनदा?"

"ते पुतळा नको, कमान नको. तितून तं थेट बॉल टांगापरेंत. शब्दाले शब्द."

"अवं, भाषनात करता तसं," मागून दुसरी म्हणाली. "जोर याले पाहिजे म्हनून."

"येवढा जोर? मले तं वाटलं भाऊची कॅसेट अटकली."

सगळ्या खिदळल्या. मीही हसलो. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत मी खिडकीबाहेर बघत ते भाषण मनात पुन्हा बोलून पाहिलं. मला ते एकदाच बोलल्याचं आठवत होतं. चार-पाच मिनिटं माझ्या आयुष्यातून कोणीतरी काढून घेतली होती आणि दुसऱ्या वेळीही लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सर, बोलणाऱ्या माणसाचं हेच वाईट असतं. तो पडला तरी लोकांना वाटतं, अदा आहे.

तुम्ही मराठी शिकवायचात आणि शाळेला खेळाचे शिक्षक नव्हते म्हणून फुटबॉलही. जळगावच्या त्या शाळेमागचं मैदान, त्याच्या कडेला निंब, निंबाच्या आडव्या फांदीला बैलाचा कासरा आणि कासऱ्याच्या टोकाला जाळीत घातलेला कातडी बॉल. मी आठवीत आहे, असोद्याहून सकाळच्या पहिल्या बसने आलो आहे, पायात बूट नाहीत. बॉलमधून पाणी ठिबकतं आहे, कारण तुम्ही तो रात्रभर हौदात बुडवून ठेवला आहे. तुमचा सिद्धान्त असा की भिजलेल्या बॉलची सवय झाली की सुका बॉल फुलासारखा लागतो, आणि मान एकदा तयार झाली की माणूस कुठेच मान खाली घालत नाही. रोज प्रत्येकी शंभर, आणि पहिले शंभर तुमचे स्वतःचे. आणि नुसतं कपाळ आपटायचं नाही. प्रत्येक ठोशाला एक वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि वाक्याचा जोर ज्या शब्दावर येतो, नेमका त्या शब्दावर बॉल कपाळाला लागला पाहिजे. 'हे मैदान आमचं आहे.' आमचं म्हणताना ठोसा. चुकला तर पुन्हा. तुम्ही धुळ्याकडचे, वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायचात, पण मैदानावर घरची अहिराणी तोंडात यायची. "डोया उघडा ठेव रे! कसाले भ्यास? बॉल शे तो, वाघ नही शे!"

फुटबॉल आणि वक्तृत्व एकाच दोरीला टांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मी नंतर खूप वाचलं, जगभरच्या शिक्षकांबद्दल वाचलं. तुमच्यासारखी युक्ती कोणालाच सुचलेली नव्हती. आजही मी व्यासपीठावर महत्त्वाच्या शब्दावर मानेला झटका देतो आणि लोक म्हणतात, काय जोर आहे. तो जोर त्या निंबाखालचा आहे. तुम्ही दिलेलं मी मोजायला बसलो तर कुठून सुरुवात करू? नववीत तुम्ही तुमचं वाचनालयाचं कार्ड माझ्या खिशात घातलंत आणि म्हणालात, "आजपासून मी वाचत नाही, तू वाच आणि मला सांग." दर शनिवारी स्टाफरूमच्या पायरीवर मी तुम्हाला पुस्तक सांगायचो. तुम्ही मध्येच विचारायचात, "पण लेखक खोटं कुठे बोलला?" या एका प्रश्नावर मी एम.ए. झालो, पीएच.डी. झालो, इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं. असोद्यात अभ्यासिका काढली, तिच्या भिंतीवर दुसरं काही नाही, हाच प्रश्न लिहिला आहे. म्हणूनच तो आता तुम्हालाच विचारायची पाळी माझ्यावर आली आहे.

एक दिवस तुम्हालाही आठवत असेल, किंवा नसेलही. दहावीची थंडी. बॉल बर्फासारखा गार आणि दगडासारखा जड. साठाच्या पुढे माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, कानात शिट्टी वाजायला लागली. मी बाजूला झालो आणि म्हणालो, सर, डोकं दुखतंय. तुम्ही माझ्याकडे प्रेमाने पाहिलंत, खरंच प्रेमाने, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "डोकं दुखतंय? चला, म्हणजे आहे तरी!" सगळी पोरं पोट धरून हसली. मीही हसलो. आणि उरलेले चाळीस पूर्ण केले. त्यानंतर शाळेत, विद्यापीठाच्या संघात, राज्याच्या शिबिरात, कुठेच मी पुन्हा तसं म्हणालो नाही. म्हणणार कसा? ते म्हणजे हसण्याची गोष्ट झाली होती.

विद्यापीठाच्या अंतिम सामन्यातला माझा गोल तुम्ही प्रेक्षकांतून पाहिलात. कॉर्नरवरून बॉल आला, मला दोन बॉल दिसले, त्यातल्या एकावर मी कपाळ टाकलं. पुढचं मला माहीत नाही. लोक सांगतात की मी पूर्ण वेळ खेळलो, बक्षीस घ्यायला गेलो आणि पाहुण्यांना विचारलं, "कोण जिंकलं?" लोकांना वाटलं, पोरगा किती नम्र! तुम्ही हा किस्सा वर्षानुवर्षं वर्गात सांगितलात. मीही सांगत आलो. माझ्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात छापायला मित्रांनी तो आत्ताच लिहून ठेवला आहे. गेल्या महिन्यापासून मात्र तो सांगायचं मी टाळतो. कारण मी नम्र नव्हतो, सर. मला खरंच माहीत नव्हतं.

आणि तुमचं स्वयंपाकघर. निवृत्तीनंतर तुम्ही धुळ्याला देवपुरात मुलीकडे राहायला गेलात. साठीही झाली नव्हती तेव्हापासून तुम्ही नावं विसरायला लागलात. मी भेटायला आलो की विचारायचात, "तू कोणत्या जागेवर खेळायचास?" मी सांगायचो, सेंटर हाफ. दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचात. आम्ही म्हणायचो, वय झालं. बासष्टाव्या वर्षी तुम्ही गेलात, ते काय वय होतं? शेवटच्या वर्षीच्या एका दुपारी मी आलो तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात उभे होतात. छताच्या हुकाला लसणाची जुडी टांगलेली. तुम्ही तिच्यावर हळूहळू कपाळ मारत होतात आणि दर ठोशाला ओठ हलत होते, पण वाक्य नव्हतं. नुसता आवाज. तुमची मुलगी भाकरी थापत होती. ती पिठाच्या हाताने तुम्हाला धरून म्हणाली, "नाना, झाले शंभर. आता बसा." तुम्ही लगेच बसलात. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "भाऊ, दिवसातून तीनदा चालतं हे. झाले म्हटलं की थांबतात."

मी काय केलं माहीत आहे? माझे डोळे भरून आले, अभिमानाने. त्या प्रसंगावर मी भाषणं केली. 'असा शिक्षक, ज्याने मरेपर्यंत सराव सोडला नाही!' माणसाची किती सोय असते बघा. समोर दिसतंय ते न बघण्यासाठी मी शब्दांची भिंत बांधली आणि तिला टाळ्या घेतल्या. तुमच्या मुलीने एकदाही टाळी वाजवली नाही. ती प्रत्येक कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत बसायची आणि माझं बोलणं संपायच्या आत निघून जायची. मला वाटायचं, तिला घरी जायची घाई असेल.

धुळ्याच्या मेळाव्यानंतर मी जळगावला डॉक्टरांकडे गेलो. तरुण आहेत, माझ्याच कॉलेजात बारावी केलेले, उभे राहून नमस्कार करतात. त्यांनी मला कागदावर घड्याळ काढायला लावलं. एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायला लावली. मी गवार, गिलकं, भरीत, असं म्हटलं आणि थांबलो. भरीत ही भाजी नव्हे हे मला कळत होतं, पण वांगं हा शब्द कुठे गेला ते कळत नव्हतं. जळगावात जन्म काढलेला माणूस, सर! डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कधी डोक्याला मार लागला होता?" मी म्हणालो, नाही. "अपघात? पडझड?" नाही. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हणालो, फुटबॉल खेळायचो, हेड मारायचो. किती? मी मनात गुणाकार केला आणि तो आकडा मला बोलवेना. मग भिजवलेल्या बॉलचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्यानेच झालं असं मी सांगू शकत नाही. नाही झालं असंही सांगू शकत नाही. डोक्याचा फोटो काढून घ्या. आणि आत्ता कुठे मुलं तसा सराव करत असतील तर त्यांना तेवढं थांबवा."

चिठ्ठी माझ्या खिशात आहे. फोटो मी काढलेला नाही. रोज सकाळी ठरवतो आणि दुपारपर्यंत काही ना काही महत्त्वाचं काम निघतं. बायकोला सांगितलं की रक्तदाबाची तपासणी होती. परदेशात लहान मुलांना सरावात हेड मारायला लावत नाहीत, हे मी काही वर्षांपूर्वीच वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं. लेखक खोटं कुठे बोलला हे शोधणाऱ्या मी, तो खरं बोलत होता त्या जागी मात्र डोळे मिटून घेतले.

पण माझ्या डोक्याचं जे व्हायचं ते होवो. छप्पन्न वर्षं ते माझ्या मनासारखं वापरून झालं आहे. मला झोप लागत नाही ती त्या कप्तान मुलीमुळे. असोद्याच्या मैदानावर मी स्वतः निंबाला बॉल टांगला आहे. हल्लीचे बॉल पाणी पीत नाहीत, म्हणून मी खास जुन्या पद्धतीचा कातडी बॉल मागवला आणि हौदात टाकला. मुली एकेका ठोशाला वाक्य म्हणतात. ही पोरगी तिसरीपर्यंत अडखळत बोलायची. आज ती ग्रामसभेत उभी राहून मुलींसाठी संडास मागते आणि सरपंच घाम पुसतात. तिची आई मला म्हणाली होती, "भाऊ, पोरगी घरी चहा मांगते तरी भाषन करते. तुमी काय करून ठेवलं हे!" केवढा आनंद झाला होता मला. मागच्या आठवड्यात ती पोरगी पंचेचाळिसाव्या ठोशाला थांबली, दोन्ही हातांनी कानशिलं दाबली आणि म्हणाली, "भाऊ, डोकं दुखून राह्यलं."

माझ्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती, सर. आणि माझ्या तोंडून निघालं, "डोकं दुखतंय? चला, म्हणजे आहे तरी!"

सगळ्या हसल्या. तीही हसली. आणि तिने उरलेले पंचावन्न पूर्ण केले. मी तिथेच उभा होतो, मोजत होतो. माझं तोंड माझं नव्हतं, तुमचं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला कळलं की सगळं विसरायला लागलेल्या माणसाच्या तोंडात शेवटी काय काय शिल्लक राहू शकतं.

येत्या रविवारी माझ्याच भाषणाची अंमलबजावणी आहे. मेळाव्यात हात वर केलेल्या शाळांपैकी काहींनी थांबायची तसदीही घेतली नाही, बॉल टांगून फोटो पाठवले. बोदवडच्या आपल्या मुख्याध्यापकाने फोनवरच्या ग्रुपवर लिहिलं, 'सर परत आले.' खाली अंगठ्यांची रांग. रविवारी उरलेल्या शाळांना मी माझ्या हाताने जाळी आणि दोरी द्यायची आहे. हे मी पेटवलं आहे. मला लोक पेटवता येतात, ते तुम्हीच शिकवलंत. विझवायचं कसं ते राहून गेलं. आणि विझवायचं तर मला उभं राहून म्हणावं लागेल की सर चुकले. ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांच्याविरुद्ध बोलण्याइतके शब्द माझ्याजवळ उरले आहेत का, उभं राहिल्यावर मध्येच तेही गेले तर, लोक त्यालाही टाळ्या वाजवतील का?

आज सकाळी मुली शाळेत असताना मी असोद्याला गेलो. ठरवलं होतं, कोणी नसताना बॉल उतरवायचा. गाठ पाण्याने आवळून दगड झाली होती. स्टुलावर उभा राहून मी नखं तुटेपर्यंत ती ओढत होतो, तेवढ्यात कप्तान मुलीची आई शेताकडे जाताना थांबली. "भाऊ, पडसान ना! काय करून राह्यले?" तिच्या हातात विळा होता. तिने तो वर करून दिला. मी दोर कापला. बॉल धप्पकन खाली पडला, तिच्या पायाशी. तिने तो उचलायला हात घातला आणि म्हणाली, "बापरे! येवढा जड? पोरी हा डोक्याने मारता?"

ती वेळ होती, सर. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "दोर कुजला होता. म्हणून काढला."

"मंग त्यात काय," ती म्हणाली. "घरी नवा कासरा पडेल हाय. सांजच्याले पोरीच्या हाती धाडते." आणि ती गेली, हसत, विळा खांद्याला लावून.

मी घरी येऊन हे लिहायला बसलो आहे. आता दुपारचे तीन वाजले आहेत. सहा वाजता ती पोरगी नवा कासरा घेऊन मैदानावर येईल आणि विचारेल, भाऊ, कुठे बांधू? हजारोंच्या सभेला न घाबरलेला मी तिच्या त्या एका प्रश्नाला घाबरलो आहे. तुम्हाला हे पत्र पोचणार नाही, म्हणूनच तर लिहू शकलो. पोचणार असतं तर मी आजही हसून चाळीस पूर्ण केले असते. एक कबुली देतो: तुम्ही चुकलात हे मी पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा खोडलं, आणि अजूनही ते वाक्य या कागदावर धड उभं नाही. तुमच्यावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. तेच आडवं येतं आहे.

पण खाली लिहितो ते तुमच्यासाठी नाही. ते मी आता फोनवर आपल्या सगळ्यांना पाठवतो आहे, विसरायच्या आत, आणि मग मैदानावर जातो.

मित्रांनो, रविवारी येऊ नका. मी दोऱ्या वाटणार नाही. तुमचंही डोकं दुखत होतं, हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांनी ज्यांनी शाळेत बॉल टांगला आहे, त्यांनी तो आज संध्याकाळी मुलं मैदानावर यायच्या आत स्वतःच्या हाताने उतरवा. गाठ सुटत नसेल तर दोर कापा.